पहिलटकरीण आहे म्हणून कट घ्यायलाच हवा का?

जालना जिल्ह्यातल्या एका मुलीने विचारलंय. आठवा महिना लागलाय, पहिलीच खेप. जिथे नाव नोंदवलंय तिथल्या सिस्टर म्हणाल्या, "पहिलटकरणीला कट घ्यावाच लागतो, नाहीतर पार मागपर्यंत फाटतं." वहिनीला कट दिला होता, तिला दोन महिने धड मांडी घालता आली नाही. उलट आजी म्हणते, आमच्या वेळी सुईण कुठं कापत होती? मग मी डॉक्टरांना "कट देऊ नका" असं आधीच सांगून ठेवू का? आणि सांगितलं, अन् खरंच फाटलं तर?

माझ्या मुलीच्या वयाची असशील, म्हणून अगं-तुगं करते. मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. अंबाजोगाईला शिकले, काही वर्षं सरकारी नोकरी केली आणि नंतर परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी दवाखाना टाकला. तुला मी तपासलेलं नाही. बाळाचं वजन, तुझं हिमोग्लोबिन, बाळ कसं बसलंय यातलं काही मला माहीत नाही. त्यामुळे तुझ्या बाळंतपणात काय होईल ते मी इथून सांगू शकत नाही. कट कसा ठरवला जातो, आणि कसा ठरवायला हवा, ते मात्र सांगू शकते.

तुझा प्रश्न वाचून मला दोन भीती दिसल्या. एक म्हणजे, तुझ्या अंगावर काय करायचं ते कळा सुरू होण्याच्या दोन महिने आधीच कुणीतरी ठरवून टाकलंय. दुसरी, तू नको म्हणालीस आणि काही झालं तर दोष तुझ्या पदरात पडेल. दोन्ही भीती रास्त आहेत.

थोडक्यात उत्तर असं: नुसती पहिली खेप हे कट घ्यायचं कारण होत नाही. पण "काही झालं तरी कट नको" असं लिहून दे, असंही मी तुला सांगणार नाही. कट घ्यायचा की नाही ते बाळाचं डोकं खाली टेकल्यावर, समोर जे दिसतंय त्यावरून ठरवायचं असतं. आणि ज्याने कात्री उचलली त्याला त्याचं कारण एका वाक्यात सांगता आलं पाहिजे.

आता जरा खोलात जाऊ. योनीचं तोंड आणि शौचाची जागा यांच्यामधला जो भाग आहे, तिथे कात्रीने छेद देऊन बाळाची वाट मोठी करणं म्हणजे एपिझिओटॉमी, आपल्याकडचा "कट". आपोआप फाटतं त्याच्या चार पायऱ्या मानतात. पहिलीत फक्त कातडी आणि आतलं अस्तर. दुसरीत त्याखालचे स्नायूही. तिसरीत शौच रोखून धरणारा गोल स्नायू फाटतो, आणि चौथीत फाट थेट आतड्याच्या अस्तरापर्यंत जाते. पहिल्या दोन सर्रास होतात आणि नीट शिवल्या तर चांगल्या भरून येतात, पहिलीला तर कधी कधी टाकाही लागत नाही. खरी भीती तिसरीची आणि चौथीची.

इथे एक गोष्ट लक्षात घे, कारण ती तपासणीच्या वेळी सहसा कुणी सांगत नाही. कट कातडी, अस्तर आणि स्नायू असे तिन्ही थर कापतो. म्हणजे तो स्वतःच दुसऱ्या पायरीच्या फाटण्याइतका असतो. न कापता एखादी बाई अगदी थोडक्यात सुटली असती, तिलाही कट घेतला की दुसऱ्या पायरीची जखम झालीच. हे तेव्हाच परवडतं, जेव्हा त्यामुळे तिसरी-चौथी पायरी टळते. टळते का, हा सगळा वाद.

कट काही आजचा नाही. १७४२ मध्ये डब्लिनच्या फील्डिंग ओल्ड या डॉक्टरांनी तो लिहून ठेवला, पण अडलेल्या बाळंतपणापुरता. सरसकट कापायची चाल खूप नंतरची. १९२० मध्ये शिकागोच्या जोसेफ डीली या डॉक्टरांनी मांडलं की चिमटे (बाळाचं डोकं धरून ओढायचे फोर्सेप्स) आणि कट आधीच वापरले तर आईचे स्नायू आणि बाळाचं डोकं दोन्ही वाचतील. तेव्हा अमेरिकेत बाळंतपणं घरातून दवाखान्यात येत होती, आणि ही कल्पना त्यांच्याबरोबर आत शिरली. सरळ छेद शिवायला सोपा, नीट भरतो, पुढे अंग (गर्भपिशवी) बाहेर येत नाही, असं पिढ्यान् पिढ्या शिकवलं गेलं. आम्हालाही तेच शिकवलं. पुरावा कुणी मागितला नव्हता. १९८३ मध्ये थॅकर आणि बॅन्टा या दोघा संशोधकांनी शंभरेक वर्षांचं लिखाण चाळलं, तर या फायद्यांना आधार असा जवळपास सापडलाच नाही.

मग चाचण्या झाल्या. अर्जेंटिनातली १९९३ ची चाचणी मला सगळ्यात पटते, कारण ती गर्दीच्या प्रसूतिगृहांत झाली. अडीच हजारांवर बायका होत्या, सगळ्या पहिल्या किंवा दुसऱ्या खेपेच्या. एका गटात जवळपास सगळ्यांना कट, ८० टक्क्यांहून जास्त. दुसऱ्या गटात कारण असेल तरच, सुमारे ३० टक्के. मोठी फाट, म्हणजे तिसरी-चौथी पायरी, दोन्हीकडे दीड टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमीच राहिली, आणि सरसकट कट घेतलेल्या गटात ती कमी झाली नाही. उलट त्या बायकांना दुखणं जास्त, टाके उसवणं जास्त. पुढे २०१७ मध्ये अशा बारा चाचण्या एकत्र करून कॉक्रेनचा, म्हणजे जगभरच्या चाचण्या पडताळणाऱ्या संस्थेचा, आढावा आला. कारणापुरता कट घेतला तर मोठ्या जखमा सुमारे ३० टक्क्यांनी कमी होतात, असा त्याचा कल होता. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट लिहिलं की आपोआप होणाऱ्या साध्या प्रसूतीत सरसकट किंवा सढळ हाताने कट घेऊ नये.

म्हणजे "नाहीतर पार मागपर्यंत फाटतं" हे सिस्टरांचं वाक्य उलटं पडलं. याचं कारण अवघड नाही. अखंड कापड हाताने फाडायला जोर लागतो, पण टोकाला कात्रीने चीर दिली की ते सरकन फाटत जातं. कट मधोमध घेतला किंवा कमी तिरका घेतला, तर पुढची फाट नेमकी त्या गोल स्नायूकडे जाते.

चाचण्यांची दुसरी बाजूही सांगते. कट घेतला नाही तर पुढच्या अंगाला, लघवीच्या जागेजवळ बारीक चिरा जास्त पडतात. त्या बहुतेक वरवरच्या असतात, पण चार दिवस लघवीला आग होते. हे माहीत नसलं की मुली घाबरतात, म्हणून आधीच सांगितलं.

आता तू म्हणशील, हे सगळं कळून इतकी वर्षं झाली तर आमच्याकडे अजून कात्री का चालते?

सिस्टरांवर चिडू नकोस. आपल्याकडे घरची बाळंतपणं जवळपास संपली. राज्यात ९४ टक्क्यांहून जास्त प्रसूती आता दवाखान्यात होतात, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आहे. जननी सुरक्षा योजना, १०२ ची गाडी, आशाताईंची धावपळ यामुळे हे घडलं, आणि त्यातून आयांचे जीव वाचले. पण बाया जितक्या आल्या तितके हात आले नाहीत. रात्रपाळीला एक सिस्टर, टेबलावर एक बाई, बाजूच्या कॉटवर दुसरी ओरडतेय, तिसरी ॲम्ब्युलन्समधून उतरतेय. अशा वेळी डोकं हळूहळू सुटायची वाट बघायला लागणारी पंधरा-वीस मिनिटं म्हणजे चैन वाटते. कट घेतला की बाई लवकर मोकळी होते. शिवायचंही सरळ, कारण वाकडीतिकडी फाट मंद उजेडात, लाईट गेलेली असताना इन्व्हर्टरच्या एका बल्बखाली शिवायला हात तयार लागतो. खाजगी दवाखान्यात भीती वेगळी: कट घेतला तर "डॉक्टरांनी काळजी घेतली", आणि आपोआप फाटलं तर "डॉक्टरांनी फाडलं". नातेवाईक दाराबाहेर उभेच असतात. "मॅडम, काय बी करा पण पोरीला लवकर मोकळी करा" हे वाक्य ऐकलं नाही असा माझा आठवडा जात नाही.

या सगळ्याला मी कारणं म्हणते. ती अडचणीची कारणं आहेत, तुझ्या शरीराची नाहीत, एवढा फरक ध्यानात ठेव.

डॉक्टर मंडळी आणखी एक मुद्दा मांडतात: आपल्या बायका लहान चणीच्या, त्यांची तिथली जागा आखूड, म्हणून चाचण्या आपल्याला लागू नाहीत. हा मुद्दा मी झटकून टाकत नाही. ब्रिटनच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या कॉलेजनेही मोठी फाट होण्याच्या धोक्यांत आशियाई वंश धरलाय, आणि पहिली खेपही धरलीय. पण त्यावरचा उपाय म्हणून कुणी सरसकट कट सुचवलेला नाही. धोका जास्त असेल तर डोकं जास्त सावकाश, जास्त लक्ष देऊन काढायचं. शिवाय आपल्याकडे उलट बाजूचा एक धोका आहे, ज्याचा हिशेब कुणी करत नाही. राज्यातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. डोकं पुरतं टेकायच्या आधीच घाईने कट घेतला तर तो भळाभळा वाहतो. बाराच्या हिमोग्लोबिनला ते चालून जातं. साडेसात घेऊन आलेल्या ऊसतोडीवरच्या पोरीला नाही चालत.

मग मी कट घेते कधी?

बाळाचे ठोके हे सगळ्यात स्पष्ट कारण. डोकं खाली टेकलंय, आणि ठोके शंभराच्या खाली जाऊन कळ ओसरली तरी वर येत नाहीत, तेव्हा मी थांबत नाही. तिथे कट काही मिनिटं वाचवतो आणि तेवढीच मिनिटं हवी असतात. चिमटा लावायची वेळ आली आणि पहिलीच खेप असेल तर बहुतेकदा घेते. व्हॅक्यूम (डोक्याला वाटी चिकटवून ओढणं) असेल तर बघून ठरवते. खांदा अडकला तर कटाने हाड सुटत नाही, अडकलंय ते हाडाला, पण हात आत घालायला जागा लागते, तेवढ्यासाठी कधी घ्यावा लागतो. जुन्या जखमेचा किंवा भाजल्याचा कडक व्रण असेल तर तोही विचार करते. शेवटचं कारण वादाचं आहे: मधला भाग पांढराफटक, चकचकीत ताणला जातो आणि वाटतं की आता फाटणार. काही डॉक्टर तिथे कट घेतात. मी आधी कापडाचा शेक देते, जोर थांबवायला सांगते, आणि पुष्कळदा तो भाग सैल पडतो. इथे अनुभवी माणसांचीही मतं वेगळी असतात, तुझ्या डॉक्टरांचं माझ्यापेक्षा वेगळं असू शकतं.

घ्यायचाच तर कसा, यालाही महत्त्व आहे. आधी भुलीचं इंजेक्शन, आणि ते चढायला दोन-तीन मिनिटं. "कळेच्या भरात कळत नाही" म्हणून बिनभुलीचा कट घ्यायची सवय काही ठिकाणी आहे. कळतं. बायकांनी मला सांगितलंय, वीस वर्षांनंतरही. दुसरं म्हणजे तिरपेपणा. डोकं टेकल्यावर तो भाग ताणून फुगलेला असतो. त्या वेळी मधल्या रेषेपासून ६० अंशांवर छेद दिला तर बाळ बाहेर आल्यावर, भाग सैल पडल्यावर, तोच ४५ च्या आसपास दिसतो. ताणलेल्या अवस्थेत ४५ चा दिला तर नंतर तो मधल्या रेषेच्या धोकादायक जवळ येतो. नव्या डॉक्टरांना मी हे कागदावर काढून दाखवते, कारण नजर हमखास फसवते.

कात्रीपेक्षा जास्त फरक पडतो तो शेवटच्या अर्ध्या तासाने. पिशवीचं तोंड पूर्ण उघडलं म्हणजे लगेच "जोर लाव, श्वास कोंड, लाव जोर" असा गजर सुरू करायची गरज नसते. पहिल्या खेपेला तिथून बाळ बाहेर यायला तीन तासांपर्यंत लागू शकतात, ठोके बरे असतील आणि बाळ खाली सरकत असेल तर ते चालतं. तुला आतून जोर यायला लागेल तेव्हा लाव. वरून मावशी पोट दाबतेय आणि खालून कात्री तयार आहे, हे चित्र अजून काही ठिकाणी दिसतं. पोट दाबू नये, असंही २०१८ च्या त्याच शिफारशींत आहे.

माझ्याकडे डोकं दिसायला लागलं की सिस्टर स्वच्छ पॅड कोमट पाण्यात बुडवून, पिळून, कळ येईल तेव्हा मधल्या भागावर धरते. पाणी गार झालं की बदलते. एवढ्याशा गोष्टीने तिसरी-चौथी फाट कमी होते, याला चाचण्यांचा चांगला आधार आहे, आणि खर्च एका पातेल्याचा. मग डोक्याचा सगळ्यात रुंद भाग बाहेर येतो ती वेळ. एक हात डोक्यावर, ते एकदम उसळू नये म्हणून. दुसरा हात खालच्या भागाला आधार देतो. आणि बाईला सांगायचं, "आता जोर नको, तोंड उघड, कुत्र्यासारखं हा-हा-हा कर." बाई लाजते, हसते. हसली तर उत्तमच, हसताना जोर लावता येत नाही. काहीजणी डाव्या कुशीवर वळून मोकळ्या होतात, त्यात ताण कमी पडतो. टेबलावर पाय टांगूनच व्हायला हवं असं काही नाही, आम्हा डॉक्टरांना ते सोयीचं असतं इतकंच.

आजीचं म्हणणं खरं आहे, अर्धं. सुईण कापत नव्हती. घाईही करत नव्हती, बाई उकिडवी बसायची, दोरीला धरायची, हे सगळं चांगलं होतं. पण फाटलं तर सुईण शिवतही नव्हती. ती फाट तशीच भरायची, वेडीवाकडी. त्या पिढीतल्या म्हाताऱ्या आजही माझ्याकडे अंग बाहेर आलेलं घेऊन येतात, शी-वारा रोखता येत नाही असं कानाशी येऊन सांगतात, तेही सोबतची सून बाहेर गेल्यावर. अंग बाहेर येण्याला इतरही कारणं असतात, अवघड कामं, लागोपाठची बाळंतपणं. पण न शिवलेल्या जखमांचा त्यात वाटा आहे. तेव्हा दवाखाना सोडून घरी बाळंत व्हायचा विचार डोक्यात आला असेल तर काढून टाक.

आता डॉक्टरांशी काय बोलायचं. "कट देऊ नका" असं म्हणालीस तर ते आव्हानासारखं ऐकू येतं, आणि समोरचा माणूस लगेच "मग जबाबदारी तुमची" वर येतो. त्यापेक्षा पुढच्या तपासणीला विचार, "मॅडम, मला कट कधी घ्यावा लागेल? गरज नसेल तर न घेता प्रयत्न कराल का? घ्यायची वेळ आली तर आधी मला सांगाल का?" ज्यांना स्वतःचं काम येतं ते याचं उत्तर देतात. "ठोके बिघडले तर घेईन, चिमटा लागला तर घेईन, एरवी बघू" असं उत्तर आलं तर निर्धास्त राहा. "सगळ्यांना घेतो" असं आलं आणि दुसरा पर्याय हाताशी असेल, तर आठव्या महिन्यात अजून वेळ आहे. जालना किंवा संभाजीनगर गाठता येत असेल तर विचारून बघ. सरकारी दवाखाना म्हणजे वाईट, हा समज मनात ठेवू नकोस. २०१७ पासूनच्या "लक्ष्य" कार्यक्रमात प्रसूतिकक्षाच्या दर्जाचं मूल्यमापन होतं आणि सोबतीला एक बाईमाणूस आत ठेवू देणं त्यात धरलेलं आहे. आईला किंवा वहिनीला आत ने. शुद्धीवरचं, घरचं माणूस शेजारी उभं असलं की सगळेच जरा सबुरीने वागतात. दुसरा पर्याय नसेल तर सिस्टरांशी गोड बोलून ठेव. कळांच्या वेळी तुझ्याजवळ त्याच असणार आहेत.

घरी करण्यासारखं एक आहे. पस्तिसाव्या आठवड्यापासून आठवड्यातून एक-दोनदा, हात स्वच्छ धुऊन, नखं कापून, अंगठ्याला स्वच्छ तेल लावून योनीच्या तोंडाशी आत इंचभर ठेवायचा आणि खाली व बाजूंना हळूच ताण द्यायचा, चार-पाच मिनिटं. थोडी आग होते, दुखता कामा नये. पहिलटकरणींमध्ये याने कट लागायचं प्रमाण थोडं कमी होतं, असं चाचण्या सांगतात. पाणी जातंय, रक्त जातंय किंवा जंतुसंसर्ग आहे तर करू नको, आणि एकदा तुझ्या डॉक्टरांना विचारून घे. लाज वाटत असेल तर सोडून दे, मनाला लावून घेऊ नको. नवव्या महिन्यात तूप प्यायल्याने वाट सैल होत नाही, फक्त वजन वाढतं. एरंडेल तर अजिबात घेऊ नको. रक्ताच्या गोळ्या मात्र चुकवू नको, आणि त्या चहाबरोबर घेऊ नको.

टाके पडलेच, कटाचे असोत की फाटल्याचे, तर पुढची काळजी तीच. पहिला दिवसभर बर्फ कापडात गुंडाळून दहा-दहा मिनिटं धर. प्रत्येक वेळी लघवी-शौचानंतर पुढून मागे धू आणि टिपून कोरडं कर. उन्हाळ्यात बाळंत झालीस आणि गावाला टँकर असेल, तर घरच्यांना सांगून ठेव की तुझ्यासाठी उकळून गार केलेली कळशी वेगळी राहील. यात काटकसर नाही. कापडाच्या घड्या वापरत असशील तर कडक उन्हात वाळव, आडोशाला अंधारात नको. बाजेखालच्या शेगडीचा शेक पाठीला घे हवा तर, टाक्यांना निखाऱ्याची धग नको, धुरी तर नकोच. त्याने भाजलेल्या बायका मी पाहिल्यात.

सगळ्यात जास्त छळतं ते बद्धकोष्ठ, आणि ते आपणच ओढवून घेतो. बाळंतिणीला पाणी कमी द्यायचं, भाजी बंद, नुसता भात-तूप आणि लाडू. मग खडा होतो, बाई कुंथते, टाके ठणकतात, भीतीने ती शौचालाच जात नाही, आणखी खडा होतो. पाणी भरपूर पी, त्याने पोट सुटत नाही. शेपू, मेथी, बाजरीची भाकरी, सगळं खा. लागलं तर डॉक्टर पातळ औषध देतील. उकिडवं बसल्याने टाके सहसा उसवत नाहीत, पण दुखतं, म्हणून पहिले काही दिवस खुर्चीचा संडास मिळाला तर बरं. पॅरासिटामॉल अंगावर पाजतानाही चालतं, दुखणं सोसत बसू नको. दोन-तीन आठवड्यांत धाग्याचे तुकडे कपड्यात पडतील, ते विरघळणारे असतात, घाबरू नको.

तुझ्या वहिनीचं मला वेगळं वाटतं. पहिला आठवडाभर बसताना दुखणं साधं आहे, दोन-तीन आठवड्यांनी ते बरंच उतरायला हवं. दोन महिने मांडी घालता येत नसेल तर जखम चिघळली असेल, टाके फार आवळले असतील किंवा आत काहीतरी राहिलं असेल. ते कटाचं नशीब म्हणून सोसायचं नसतं, दाखवायचं असतं. ताप, घाण वास, पू, रोज वाढत जाणारी वेदना, टाके उघडणं यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी दवाखाना. आणि वारा रोखता येत नसेल, शौचाला धावत जावं लागत असेल, तर महिना झाला तरी, वर्ष झालं तरी सांगायचं. बायका हे सांगत नाहीत. हळदीकुंकवाला जाणं बंद करतात, भजनाला मागे बसतात, नवऱ्यालाही कळू देत नाहीत. तिसऱ्या पायरीची फाट कधी कधी टेबलावर ओळखायचीच राहून जाते. नंतरही त्यावर व्यायाम आहेत, शस्त्रक्रिया आहे.

जाता जाता एक विचित्र मागणी. सासूकडून किंवा नवऱ्याकडून "मॅडम, एक टाका जास्तीचा घाला" असं ऐकायला मिळतं, आणि कट घेतला की बाई पुन्हा "घट्ट" राहते अशीही समजूत आहे. कटाने स्नायू कापले जातात, घट्ट होत नाहीत. जास्तीचा टाका पुढे संबंधाच्या वेळी दुखतो, बस्स. तुझ्यापुढे कुणी असं बोललं तर सरळ नाही म्हण.

आणि पुढच्या खेपेबद्दल. एकदा कट घेतला म्हणून दुसऱ्यांदा घ्यावाच असं नसतं, बहुतेकींना दुसऱ्या वेळी लागतही नाही. अपवाद तिसऱ्या-चौथ्या फाटेचा, त्यात पुढचं बाळंतपण कसं करायचं हे आधी बसून ठरवावं लागतं. म्हणून सुट्टी मिळताना कार्डावर नीट लिहून घे: कट की फाट, कोणत्या पायरीची, टाके किती थरांत. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी, दुसरं सासरी, आणि कोयत्यावर, ऊसतोडीला जाणाऱ्यांचं तर कुठल्या कारखान्याच्या तळावर होईल सांगता येत नाही. कार्ड तोवर उंदरांनी खाल्लेलं असतं. मोबाईलवर फोटो काढून आईला आणि नवऱ्याला दोघांनाही पाठवून ठेव.